चाळिशी न लागलेली तुळसा

खिडकीमागच्या मुलीने वय विचारलं आणि तुळसा धुरी म्हणाली, "अडतीस."

शेजारी उभ्या असलेल्या, तिच्या चाळीतल्या कमळाबाईंना ठसका लागला. मुलीने वर पाहिलंसुद्धा नाही. अडतीस लिहून घेतलं, बाकावर बसा म्हणाली आणि पुढच्या माणसाला हाक मारली.

तुळसाला पंचेचाळीस सरत आलं होतं. दादरच्या त्या डोळ्यांच्या दवाखान्याने लेझरचं शिबिर ठेवलं होतं. चष्मा कायमचा जाणार, टाका नाही, सुई नाही, दुसऱ्या दिवशी कामाला लागा. फलक परळच्या नाक्यावर लागला होता आणि त्याच्या तळाशी बारीक अक्षरात होतं: वय अठरा ते चाळीस. तो वाचल्या दिवसापासून तुळसा घरात एका जागी बसली नव्हती. भाकरी तव्यावर टाकून गॅलरीत जायची, भाकरी करपली की आत यायची. जपाला बसली की माळेचा कितवा मणी ते विसरायची आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची.

त्यात आज संकष्टी. उपाशीपोटी, देवापुढे हात जोडून निघालेल्या बाईने दादरला पोचताच खोटं बोलावं हे तिचं तिलाच टोचत होतं. पण गिरणगावात वय म्हणजे काही दगडावर कोरलेली रेघ नव्हती. गिरणीत चिकटवायचं तर पोरगा दोन वर्षांनी मोठा व्हायचा, शाळेत घालायचा तर वर्षाने लहान, आणि लग्न जमेना तेव्हा मुलगी तिथल्या तिथे थांबायची. तिच्या नवऱ्याने, दत्तारामने, दोन्ही बाजूंनी वय ओढलं होतं. मिसरूड फुटायच्या आत अठरा सांगून तो साचाखात्यात, मागांवर, बदली कामगार म्हणून लागला होता, आणि संपानंतर गेट पुन्हा उघडलं तेव्हा तिशी ओलांडलेली असून अठ्ठावीस सांगून रांगेत उभा राहिला होता; तरुणांनाच परत घेतात असं कानावर आलं होतं म्हणून. मग एकट्या तुळसानेच काय पाप केलं?

शिवाय तिच्याकडे पुरावा होता. तिला चाळिशी लागली नव्हती. चाळीतल्या तिच्या बरोबरीच्या सगळ्या बायका आता तांदूळ निवडताना सूप गुडघ्यापलीकडे धरायच्या, पंचांग हात लांब करून वाचायच्या, आणि सुईत दोरा ओवायचा झाला की तुळसाचं दार वाजवायच्या. तुळसा चष्मा कपाळावर सारायची, सुई नाकाशी आणायची आणि एका झटक्यात दोरा पार. तुळसाचे डोळे अजून पोरीचे आहेत, असं सगळा मजला म्हणायचा. तिलाही ते पटलं होतं. बाकी शरीराचं काही असो, डोळे अडतीसचे होते. खरं तर त्याहूनही कमीच.

चष्मा मात्र लहानपणापासूनचा. मालवणाकडच्या शाळेत ती पहिल्या बाकावर बसूनही फळा दिसेना तेव्हा मास्तरांनी बापाला बोलावून घेतलं. त्या दिवसापासून ती ढापणी झाली. नंबर वाढत वाढत उणे आठावर जाऊन थांबला. कांदेपोह्यांच्या वेळी आईने चष्मा काढून कोनाड्यात ठेवला, आणि तो लग्न लागेपर्यंत कोनाड्यातच राहिला. अंतरपाट खाली आला तेव्हा समोर पांढऱ्या सदऱ्यावर एक सावळा डाग दिसला, त्यालाच तिने हार घातला. नवरा कसा आहे ते तिला परळच्या खोलीत, चष्मा पेटीतून निघाल्यावर कळलं. "म्हणून तर हो म्हणालीस," असं कमळाबाई तिला अजून चिडवायच्या.

मग संप आला. ती तेव्हा चोविसाची. संपाच्या पहिल्या उन्हाळ्यात बायकांचा मोर्चा निघाला होता, तो पोलिसांनी पांगवला. त्या धावपळीत कुणाचा तरी दंडा, कुणाचं तरी कोपर तोंडावर आलं आणि चष्मा गेला. पायाखाली काच मोडल्याचा आवाज तिने ऐकला. सगळीकडे माणसं पळत होती आणि तिला नुसते रंग पळताना दिसत होते. कुणी ओळखीची आहे का, रस्ता कुठल्या बाजूला आहे, काही कळेना. ती भिंत चाचपत उभी राहिली, तोंडाने रामरक्षा म्हणत, कमळाबाईंनी येऊन हात धरेपर्यंत.

घरात पगार नाही, त्यामुळे नवा चष्मा बरेच महिने झाला नाही. त्या महिन्यांत ती आंधळ्यासारखी खोलीत बसून असायची. तेव्हा खालच्या मजल्यावरच्या सुंदराबाई तिला आपल्याकडे बोलवायला लागल्या. सुंदराबाई गिरगावातल्या एका सराफाच्या नथी गाठवायच्या. सोन्याची केसासारखी तार, मोहरीएवढे मोती, त्यांची भोकं त्याहून बारीक. म्हातारीला आता ती भोकं दिसेनाशी झाली होती. तुळसाने मोती नाकाशी धरला आणि तिला तो सुपारीएवढा दिसला, भोकासकट, भोकाच्या कडेच्या चऱ्यासकट. वर्षाच्या आत सुंदराबाईंनी सगळं काम तिच्यावर सोपवलं. दत्तारामला गिरणीने परत घेतलं नाही, त्याने पुढे कुठे हमाली, कुठे रखवाली केली, पण त्या घरात वीस वर्षं चूल विझली नाही ती तुळसाच्या नाकाशी धरलेल्या मोत्यांवर. सराफ नथ पाहून म्हणायचा, ही धुरीबाईंची, ओळखू येते.

एवढं असून तिला लेझर हवं झालं ते परळच्या पुलाखालच्या एका संध्याकाळमुळे. ती तिने कुणालाही सांगितलेली नव्हती.

शनिवार होता. शनीच्या देवळापासून पुढे रांग लागली होती. घाईत चाललेल्या एका माणसाची पिशवी तिच्या तोंडावर आपटली, चष्मा उडाला आणि कुणाच्या तरी पायाखाली गेला. वीस वर्षांनी पुन्हा तोच आवाज. ती देवळाच्या कठड्याला धरून उभी राहिली. बसचे नंबर दिसेनात, रस्ता ओलांडायची छाती होईना. ओळखीचा आवाज कानावर पडेल म्हणून ती हात जरा पुढे करून उभी होती, आणि कुणी तरी त्या हातावर नाणं ठेवलं. "घे मावशी," म्हणालं आणि गेलं. मेहनतीचं खाणारी बाई, त्या नाण्यासकट मूठ मिटून किती वेळ तिथे उभी होती ते तिला सांगता आलं नसतं. शेवटी एका शाळकरी मुलीने तिला घराच्या वळणापर्यंत आणून सोडलं. घरी चष्मा फुटला एवढंच बोलली.

तेव्हापासून चाळीचा जिना उतरतानाही एक हात चष्म्याच्या काडीवर असायचा. बाजारात कुणी जवळून गेलं की ती दचकायची. गणपतीच्या दिवसांत लालबागची गर्दी गल्लीच्या तोंडाशी यायची, तेव्हा आता आपण खोलीबाहेर पडायचं नाही असं तिने आतल्या आत ठरवून टाकलं होतं. आणि नेमका तो फलक लागला.

दत्तारामला तिने जेवताना सांगितलं. तो गिरणीच्या जागेवर उभ्या राहणाऱ्या टॉवरवर रखवालदार होता, रात्रपाळीची तयारी चालली होती.

"डोळ्यांक काय झाला तुझ्या?" तो म्हणाला. "चष्मो आसा मां?"

तिने चाळीसच्या आतलं वय सांगणार असल्याचं म्हटल्यावर तो घास हातात धरून हसला. "माझा वय त्येंनी गेटावरच वळाखल्यांनी गो. मी अठ्ठावीस म्हटलंय. भरती करणारो जॉबर म्हणालो, तुझ्या हातांका इचार."

तरीही तिने जायचं ठरवलं, आणि सोबतीला कमळाबाई आल्या. कमळाबाई साठीच्या पुढच्या, मोतीबिंदू काढून आलेल्या, त्यामुळे डोळ्यांच्या बाबतीत स्वतःला अर्ध्या डॉक्टर समजणाऱ्या. बाकावर बसल्या बसल्या त्यांनी तुळसाच्या कानात सांगितलं की अडतीस फार झालं, पस्तीस सांगायचं होतं, म्हणजे माझ्या मुलीची मैत्रीण शोभली असतीस. तुळसाने त्यांना गप्प बसायला सांगितलं. आजूबाजूला सगळी विशी-पंचविशीतली पोरं. कुणाला पोलीसभरतीत जायचं होतं, कुणाचं लग्न ठरत होतं. एका सोळा वर्षांच्या मुलीला, तुळसासमोरच, अजून तीन-चार वर्षांनी या, नंबर आधी एका जागी थांबू दे, असं सांगून परत पाठवलं. मुलगी रडत गेली. तुळसाला बरं वाटलं; आपला नंबर तर कधीचा थांबलेला.

डॉक्टरीणबाई तिशीच्या आतबाहेरची असावी. मऊ बोलणारी. तिने एका यंत्रात हनुवटी टेकवायला लावली, दुसऱ्यात कपाळ. बुबुळाची जाडी पुरेशी आहे म्हणाली. तुळसाने मनातल्या मनात गणपतीला नारळ बोलून टाकला. मग डॉक्टरीणबाईने तिच्या नाकावर एक जड, गोल चौकट चढवली आणि तिच्यात एकामागून एक काचा सरकवत गेली.

"ऑपरेशननंतर तुम्हाला साधारण असं दिसेल," ती म्हणाली. "खिडकीतून बघा."

तुळसाने बघितलं. समोरच्या इमारतीच्या गच्चीवर वाळत घातलेल्या चादरीचे काठ दिसत होते. त्यापलीकडच्या झाडाची पानं सुटी सुटी. रस्त्यावर वळणाऱ्या बसचा नंबर ती इतक्या लांबून मोठ्याने वाचून दाखवायला लागली, पाठोपाठ दुकानांच्या पाट्या, आणि कमळाबाई म्हणाल्या, बास गं, आता रेडिओवर बातम्या देशील. चष्म्याने दिसायचं ते हेच, पण आता हे कुणी तिच्या तोंडावरून उडवून नेणार नव्हतं.

"आता हे वाचा," डॉक्टरीणबाईने हातात छापील पुठ्ठा दिला.

वरची मोठी अक्षरं दिसली. त्याखालची मुंग्यांसारखी सरकली. तुळसाने सवयीने पुठ्ठा नाकाशी आणला, आणि होती ती अक्षरंही पुसली गेली. तिने तो लांब धरला, आणखी लांब धरला. हात संपला.

"काच पुसा हो जरा," ती म्हणाली. "धुकं आलंय."

डॉक्टरीणबाईने काच पुसली नाही. तिने विचारलं की रोज वाचता कसं, बारीक काम करता कसं. तुळसाने सांगितलं, चष्मा वर करून. कधीपासून? कायमच. चष्मा लावून पोथी वाचली आहे का अलीकडे? तुळसाला आठवेना. कशाला वाचेल, चष्म्याशिवाय इतकं स्वच्छ दिसत असताना?

"बाई, तुमचं वय काय म्हणालात?"

तुळसाने कमळाबाईंकडे पाहिलं. कमळाबाईंनी छताकडे पाहिलं.

"अडतीस," तुळसा म्हणाली, पण या वेळी हळू आवाजात.

"डोळे पंचेचाळीसच्या आसपासचे आहेत."

"आई गं," कमळाबाई पुटपुटल्या. "महिन्यासकट सांगतेय."

डॉक्टरीणबाई रागावली नाही. तिने स्टूल ओढलं आणि समजावून सांगितलं. डोळ्याच्या आत एक भिंग असतं. तरुणपणी ते रबरासारखं असतं, लांबचं बघ म्हटलं की लांबचं, जवळचं बघ म्हटलं की जवळचं. चाळिशीच्या पुढे ते ताठ होत जातं, सगळ्यांचंच होतं, तुमचंही झालंय. पण तुमचा नंबर उणे आठ, म्हणून चष्मा काढला की जवळचं आपोआप दिसतं. त्यामुळे चाळिशी लागल्याचं तुम्हाला कळलंच नाही. लेझर बुबुळावर करतात, त्या आतल्या भिंगाला काही करत नाही. लांबचं आज दिसलं तसं दिसेल. जवळचं सगळं चष्म्यावर जाईल. घड्याळ, पोथी, भाजीतल्या अळ्यासुद्धा.

तुळसाने पदराआडून पिशवी काढली, पिशवीतून कापडाची पुरचुंडी, आणि तिच्यातून अर्धी गाठवलेली नथ. सणाचं काम होतं, जिथे जाई तिथे बरोबर असायचं. ती चौकट नाकावर तशीच ठेवून तिने तार धरली आणि मोती उचलायला गेली. मोती दिसला नाही. कापडावर पांढरं काही तरी होतं, भातासारखं. तिने बोटाने चाचपून एक मोती धरला, पण त्याचं भोक त्या मोत्यात नव्हतंच.

डॉक्टरीणबाईने आणखी दोन काचा घातल्या, जवळच्या चष्म्याच्या. आता हातभर अंतरावर मोती मोती दिसला. पण मोहरीएवढा. इतर माणसांना दिसतो तेवढा. तुळसाने तीनदा तार पुढे केली, तिन्हीदा ती बाजूने निघून गेली.

तिने चौकट काढून ठेवली, नथ नाकाशी नेली, आणि तार पहिल्या खेपेला आत गेली. डॉक्टरीणबाई वाकून बघत राहिली.

"हे तुमचं पोटापाण्याचं काम आहे?"

"वीस वर्षं."

"मग मी हे ऑपरेशन करणार नाही. एक डोळा लांबचा आणि एक जवळचा ठेवता येतो, काहींना सवय होते. पण या कामासाठी मी तो धोका घ्या म्हणणार नाही." तिने चौकटीतल्या काचा काढायला घेतल्या. "पंचविशीत आला असतात तर गोष्ट वेगळी होती. पंधरा-वीस वर्षं दोन्ही मिळालं असतं."

"पंचविशीत संप होता," तुळसा म्हणाली.

"कसला संप?"

कमळाबाईंनी तोंड उघडलं, पण तुळसाने त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. या पोरीने तो कुठून बघितलेला असणार. डॉक्टरीणबाईच पुढे म्हणाली की तसंही तेव्हा हे मशीन इथे कुणाकडे नव्हतं. म्हणजे तुळसाच्या वाट्याला ती पंचविशी आलीच नसती. जेव्हा वय होतं तेव्हा मशीन नव्हतं, आणि मशीन आलं तेव्हा वय निघून गेलं होतं.

"मग माझं कधीच नाही?" तिने विचारलं. या वेळी आवाज चढला होता. "मी रस्त्यात अशीच चाचपडत राहू?"

डॉक्टरीणबाईने सांगितलं की साठीच्या सुमारास मोतीबिंदू होतो, या काकींचा झाला तसा. तेव्हा आतलं ताठ भिंग काढून नवं बसवतात आणि नंबर त्यातच उतरवतात. लांबचं हवं की जवळचं ते तेव्हा तुम्ही ठरवा. आजच लेझर करून ठेवलं तर उलट तेव्हा नव्या भिंगाचा हिशेब अवघड जातो. तोवर चष्मा सांभाळा, आणि एक जास्तीचा जवळ ठेवा.

बाहेर पडताना तुळसा खिडकीपाशी थांबली आणि त्या मुलीला म्हणाली की माझं वय चुकलंय, पंचेचाळीस करा. मुलगी म्हणाली, आता काय फरक पडतो, तुमचं नाव कटलंय. तुळसा म्हणाली, तरी करा. मुलीने खांदे उडवले आणि केलं.

कमळाबाई परळपर्यंत बोलत होत्या. चाळीत कुणाला सांगू नकोस, तुझा भाव उतरेल, सुया माझ्याकडे आल्या तर मी काय करू. तुळसा हूं हूं म्हणत होती आणि एक हात चष्म्याच्या काडीवर धरून चालत होती. घरी आल्यावर तिने कधी नव्हे ती चष्मा लावून पोथी उघडली. अक्षरं धुरकट. चष्मा वर केला, स्वच्छ. खाली, धुरकट. वर, स्वच्छ. असं तिने कितीदा केलं कोण जाणे. एवढे दिवस सगळ्यांच्या सुया ओवून दिल्या त्या पोरीच्या डोळ्यांनी नव्हत्या तर. मग पोथीला नमस्कार करून तिने ती मिटली आणि नथ हातात घेतली, खाली ठेवली, चहा टाकला, प्यायला विसरली.

दत्ताराम उठला, गणवेश चढवताना त्याने विचारलं काय म्हणाले.

"लेझराक वय सरला म्हणतत," ती म्हणाली. "आणि मोतीबिंदूक मी अजून लहान आसंय."

तो हसायला लागला, मग तिचा चेहरा बघून थांबला. "साठीक होतलो तो. पंधरा वर्षा. तवसर काय करतलंस?"

सकाळी सात वर्षांनी लहान व्हायला निघालेली बाई आता पंधरा वर्षं पुढे ढकलता येतील का ते बघत होती. ती उत्तर द्यायला उभी राहिली आणि उत्तराऐवजी तिच्या तोंडून पुलाखालची ती संध्याकाळ बाहेर पडली. पिशवी, कठडा, पुढे केलेला हात, हातावरचं नाणं. दत्ताराम टोपी हातात धरून ऐकत होता. रखवालदाराच्या त्या टोपीने त्याचं कपाळ नेहमी लाल व्हायचं, ते तो चोळत राहिला.

"त्या दिवशी बोलाक काय झाला तुका?" तो शेवटी म्हणाला. "मी घरातच होतंय."

"काय सांगू? भीक मेळाली म्हणून?"

त्याने टोपी खुंटीला अडकवली. पाळीवर जायला उशीर होणार होता. चष्मेवाल्याचं दुकान भारतमाता टॉकीजच्या अलीकडे, उघडं असेल अजून, एक जास्तीचा करून घेऊ, चल म्हणाला. तिने पदर खोचला, नथ पुरचुंडीत बांधली, परत सोडली, मोती सगळे आहेत ना ते नाकाशी धरून पाहिलं आणि पुन्हा बांधली. दत्ताराम दारात वाट बघत होता.

खाली रस्त्यावर गिरणीच्या जागेवरून सुटलेले मजूर, फुलवाले, शाळेतली पोरं, सगळे एकदमच आले होते. दत्ताराम सवयीने चार पावलं पुढे गेला. तुळसाने हाक मारली नाही. तिने झपाझप जाऊन त्याच्या सदऱ्याची बाही मुठीत धरली, चारचौघांत, आणि दुसरा हात होता तसा चष्म्यावर ठेवला. कुणाचा तरी खांदा लागला, कुणाची तरी टोपली डोक्यावरून गेली. ती दचकली. बाही सोडली नाही.